बंडखोर लीगमधल्या खेळाडूचा हिशेब कसा मांडावा

एकतीस वर्षं मी नाशिकला दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात आडतीच्या पेढीवर कीर्द-खतावणी लिहिली. बर्फावरची हॉकी प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही. निफाडला पारा चार-पाचावर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, माझी थंडी तिथेच संपते. पण लेक कॅनडात विनिपेगला असते आणि नातवाला शाळेत 'एका जुन्या खेळाडूची कारकीर्द लिहा' असं काम मिळालं. हिवाळ्यात आमचे सकाळचे सात म्हणजे त्यांचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. रोज अर्धा तास फोनवर बसून तीन आठवड्यांत आम्ही हा हिशेब पुरा केला. कुणाच्या मुलांना असलं काम पडलं तर उपयोगी पडावं म्हणून पद्धत लिहून ठेवते.

त्याने जुन्या बाजारातून घेतलेलं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. सत्तरच्या दशकातलं, ओ-पी-ची कंपनीचं. पुढे खेळाडूचा फोटो, मागे इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये माहिती. खेळाडू आंद्रे लाक्रुआ. नातू म्हणाला, "आजी, छापणाऱ्याने चूक केलीय. १९७१-७२ मध्ये शिकागोकडून ५१ सामने आणि ११ गुण. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाकडून १२४ गुण. असं कसं होईल?"

चूक नव्हती, पेढी बदलली होती. शिकागोचा संघ नॅशनल हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएल. फिलाडेल्फिया ब्लेझर्स हा वर्ल्ड हॉकी असोसिएशनचा, डब्ल्यूएचएचा. ही दुसरी, बंडखोर लीग १९७२ ते १९७९ अशी सातच हंगाम चालली. गॅरी डेव्हिडसन आणि डेनिस मर्फी या दोघांनी ती काढली. त्याआधी बास्केटबॉलमध्येही त्यांनी असाच उद्योग केला होता. आपल्याकडच्यांना १९७७ चं पॅकरचं क्रिकेट आठवेल, किंवा २००७ ची बोर्डाबाहेरची आयसीएल. अंबाती रायुडू तिकडे गेला, बोर्डाने दार लावलं, २००९ मध्ये माफी मिळाली. जात तीच.

आता वही. मेनरोडवरून लांबट रजिस्टर आणा, शाळेच्या वहीत रकाने मावत नाहीत. समोरासमोरची दोन पानं घ्या. डाव्या पानावर जुनी लीग, उजव्या पानावर बंडखोर लीग. एका हंगामाला एक ओळ. रकाने असे: हंगाम, संघ, सामने कुठे झाले, सामने किती, गोल, असिस्ट, गुण. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा, त्याच्यावर लिहा 'का?'. हंगाम ऑक्टोबरच्या आसपास सुरू होऊन वसंतात संपतो, म्हणून १९७४-७५ असं लिहितात. आपल्या आर्थिक वर्षासारखंच. ज्याने मार्चअखेर काढलाय त्याला समजावून सांगायला नको.

गोलाचा एक गुण आणि असिस्टचा, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला हातभार लावल्याचा, एक गुण. प्रत्येक ओळीत गोल अधिक असिस्ट बरोबर गुण येतात का ते तिथल्या तिथे पाहा. पानाखाली बेरीज चुकली की मग अख्खं पान उसवावं लागतं.

एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले. हंगामाच्या मध्यात खेळाडू विकला गेला तर तक्त्यात त्याच वर्षाच्या दोन ओळी येतात आणि खाली तिसरी एकूणची. सरावासाठी आम्ही या खेळातल्या नामांकित वेन ग्रेट्झ्कीचं १९७८-७९ चं वर्ष घेतलं. वय सतरा. इंडियानापोलिस रेसर्सकडून ८ सामने, ३ गोल. मग एडमंटन ऑयलर्सला विकला गेला, तिथे ७२ सामने, ४३ गोल. एकूण ४६. मी तिन्ही ओळी धरून ९२ गोल लिहिले आणि नातवाला म्हणाले, बघ, मुलगा किती गुणी! तो हसून लोळला. तेव्हा एकूणच्या ओळीवर आधी पेन्सिलने काट मारा, मग उतरवायला घ्या.

'सामने कुठे' हा रकाना लोक गाळतात. माझ्या मते बंडखोर लीगची खरी कथा तिथेच असते. लाक्रुआची उजवी बाजू बघा. १९७२-७३, फिलाडेल्फिया. १३ ऑक्टोबर १९७२ ला घरच्या मैदानावरचा पहिला सामना. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राखाली बर्फच फुटला आणि सामना रद्द. प्रेक्षकांना दारात आठवण म्हणून पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, वाटलेली होती. ती त्यांनी रागाने बर्फावर भिरकावली. वर्ष संपलं आणि संघच व्हँकुव्हरला गेला. लाक्रुआ १९७३-७४ ला न्यूयॉर्क गोल्डन ब्लेड्समध्ये. तो संघ हंगाम निम्मा व्हायच्या आत उठून न्यूजर्सीत चेरी हिलला आला आणि जर्सी नाइट्स झाला. तिथल्या रिंकचा बर्फ सपाटसुद्धा नव्हता, पाहुणे संघ जवळच्या हॉटेलात कपडे बदलून यायचे. पुढच्या हंगामाला तोच संघ सॅन डिएगोत, मरिनर्स नावाने. तीन वर्षांनी तोही बंद. मग ह्यूस्टन एरोज. तोही १९७८ मध्ये बंद. मग न्यू इंग्लंड व्हेलर्स. त्यांचं गाव हार्टफर्ड, पण तिथल्या सभागृहाचं छप्पर जानेवारी १९७८ मध्ये बर्फाच्या भाराने खाली आलेलं, म्हणून घरचे सामने स्प्रिंगफील्डला.

नातू म्हणाला, "हा माणूस कुठेच टिकला नाही." मी म्हटलं, "रकाना नीट वाच. तो गाळा सोडत नव्हता, गाळाच मोडत होता." सात हंगामांत त्याचे गुण असे: १२४, १११, १४७, १०१, ११४, ११३, ८८. ज्याच्या पायाखालून दर दोन वर्षांनी शहर निघून जातंय त्याची ही पट्टी आहे.

'का?', म्हणजे खेळाडू तिकडे का गेला, हा रकाना भरायला आम्हाला सर्वांत जास्त दिवस लागले. पैसा, असं एका शब्दात लिहू नका. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत टोळी त्याची, हे आपल्याला ठाऊक आहे. एनएचएलच्या करारात राखीव कलम होतं. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क त्याच संघाकडे राही. उचल न घेता बांधलेला माणूस. नोव्हेंबर १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी त्या कलमाच्या जोरावर खेळाडू अडवायला एनएचएलला मनाई केली. त्याआधी जून १९७२ मध्ये एनएचएलचा नामवंत खेळाडू बॉबी हल नातवाच्याच गावात, पोर्टेज आणि मेन या चौकात, विनिपेग जेट्सशी करारबद्ध झाला होता. सही केल्याचे दहा लाख डॉलर. नातू त्या चौकातून बसने जातो, त्याला पत्ता नव्हता. शिक्षा म्हणून सप्टेंबर १९७२ च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेत हलला कॅनडाकडून खेळू दिलं नाही. हेही 'का?' मध्येच जातं, कारण तिकडे जाण्याची किंमत ती होती.

लाक्रुआचं कारण मात्र साधं असावं असं आकडेच सांगतात. शिकागोच्या आधी, एनएचएलच्याच फिलाडेल्फिया फ्लायर्समध्ये त्याने ५६ आणि ५८ गुणांची वर्षं काढली होती. शिकागोत ११. ज्याला ओट्यावर बसवून ठेवलं तो दुसऱ्या दुकानात गेला.

यानंतर मोठ्यांचा प्रश्न येतो: दुय्यम लीगमध्ये कुणीही गुण करील, त्याचं काय कौतुक? टाळू नका, वजन लावा. १९६७ पर्यंत एनएचएलमध्ये सहाच संघ होते. १९७४-७५ मध्ये तिथे अठरा झाले आणि डब्ल्यूएचएमध्ये चौदा. म्हणजे बत्तीस संघांना खेळाडू हवे होते. माल दोन्ही यार्डांत पातळ झाला, बंडखोरांकडे जरा जास्त. त्याच हंगामात लाक्रुआने १०६ असिस्ट केले. एनएचएलचा तेव्हाचा विक्रम बॉबी ऑरचा, १०२. हलने ७७ गोल केले. एनएचएलचा विक्रम फिल एस्पोझिटोचा, ७६. हे आकडे पेन्सिलने शेजारी लिहून ठेवा, 'मोडला' असं शाईने लिहू नका.

आणि शेवटी बेरजा. १९७९ मध्ये डब्ल्यूएचए बंद झाली. एडमंटन, विनिपेग, क्युबेक आणि न्यू इंग्लंड हे चार संघ एनएचएलमध्ये गेले, पण तिकडचे गुण एनएचएलने आपल्या वहीत घेतले नाहीत. बरं, नका घेऊ. पण ग्रेट्झ्कीने १९७९-८० मध्ये १३७ गुण केले तेव्हा नवोदिताचं बक्षीस त्याला नाकारलं, का तर तो आधी एक वर्ष व्यावसायिक खेळला होता! गुण धरायचे नाहीत, वर्ष मात्र धरायचं. जमा सोडून फक्त खर्च उतरवणारा दिवाणजी आमच्या पेढीवर दुपारपर्यंत टिकला नसता. मीही पहिल्या पेढीवरची नऊ वर्षं सोडून समोरच्या गाळ्यात गेले, तेव्हा पगार ठरवताना ती नऊ वर्षं शून्य झाली; पुढे चूक दाखवली की 'एवढ्या वर्षांचा अनुभव ना तुमचा?' हे मात्र ऐकवायचे. असो.

म्हणून दोन्ही पानांच्या बेरजा वेगळ्या करा आणि तिसरी, एकत्र बेरीज खाली लिहा. ती कशाची आहे ते शेजारी स्पष्ट मांडा. हल: ६१० आणि ३०३ गोल, मिळून ९१३. दोन्ही लीग खेळलेला गॉर्डी हाव: ८०१ आणि १७४, मिळून ९७५. एप्रिल २०२५ मध्ये रशियन खेळाडू ओवेच्किनने एनएचएलमधला ८९५ वा गोल करून ग्रेट्झ्कीचा विक्रम मोडला तेव्हा नातवाने रात्री उठवलं होतं. आता तोच विचारतो, ४६ धरले तर ग्रेट्झ्कीचे ९४० होत नाहीत का? होतात. पण मग ओवेच्किनचे मॉस्कोच्या डायनामोकडून केलेले गोल कुठल्या पानावर घेतलेस?

लाक्रुआची शेवटची ओळ पुन्हा डाव्या पानावर येते. १९७९-८०, हार्टफर्ड (एनएचएलमध्ये गेलेला न्यू इंग्लंडचाच संघ), २९ सामने, १७ गुण. डाव्या पानाखाली १९८. उजव्या पानाखाली ७९८, त्या लीगच्या सातही वर्षांच्या बेरजेत सर्वाधिक. एकत्र ९९६. नातू दोन दिवस मागे लागला होता की प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचे, धरू या, हजार होतील. प्लेऑफचं पान वेगळं असतं. मी त्याला ते आखायला लावलं.