आत मौन, ओट्यावर गप्पा

रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, सुरू व्हायला दहा मिनिटे उरली असताना चर्चमधली कुजबुज वाढली, की आपण बोलणाऱ्यांवर चिडतो. मात्र आठवडाभराने भेटलेल्या माणसांना बोलण्यासाठी आपण दुसरी कोणती जागा ठेवली आहे, हे क्वचितच पाहतो. म्हणून वसईतील ज्या धर्मग्रामाला (एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समुदायाला) आतली शांतता जपायची आहे, त्याने सुरुवात आवारापासून करावी. ओट्यावर बाक ठेवावेत, मिस्सेनंतर अर्धा तास चहाची सोय करावी आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत, छत्र्या मिटून सगळेच आत शिरतात तेव्हा, सभागृहाचे दार आधीच उघडून ठेवावे.

स्वागतही दाराबाहेरच करावे. स्वयंसेवकांनी नवख्या माणसाची विचारपूस करावी, पण उंबरठा ओलांडल्यावर नुसती मान लववून जागा दाखवावी. गायनमंडळाचा सराव आणि माईकची तपासणी पंधरा मिनिटे आधी संपलीच पाहिजे, कारण वेदीजवळूनच ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येत असेल, तर मागच्या बाकांना गप्प करण्यात अर्थ नाही. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील परिच्छेद ४५ चर्चबरोबरच सॅक्रिस्टीतही (फादरांच्या तयारीच्या खोलीतही) मिस्सेपूर्वी शांतता असावी असे सांगतो, म्हणजे ही अपेक्षा फादर आणि वेदीसेवकांकडूनही आहेच.

त्याच परिच्छेदात मिस्सेतील मौनाच्या जागा दिल्या आहेत: पश्चात्तापविधी, ‘आपण प्रार्थना करू या’ या आमंत्रणानंतरचा क्षण, बायबलचे वाचन किंवा प्रवचन संपल्यावर आणि कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकर स्वीकारल्यावर. वाचकाने ‘प्रभूचा शब्द’ म्हणून लगेच वळू नये. मनातल्या मनात ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना पूर्ण होईल इतका वेळ सर्वांनी थांबावे. एवढे मौन सगळ्यांनी मिळून पाळले, तर तेही सहवासच असतो.

खरी कसोटी शांतिचिन्हाच्या वेळी, म्हणजे भाविक एकमेकांना शांती देतात त्या विधीत, लागते. व्हॅटिकनने २०१४ साली काढलेल्या पत्रकात या वेळी जागा सोडून फिरू नये, शुभेच्छा किंवा सांत्वन यांसाठी हा विधी वापरू नये, असे बजावले आहे. आपल्याकडे १९६९ साली मान्य झालेल्या मिस्साविधीच्या भारतीय रूपांतरांमुळे हात जोडून शांती देता येते. शेजारच्या दोघा-चौघांकडे नीट पाहून तसे करावे. विधी गाळण्याचा उपाय मात्र मला पटत नाही, कारण बांधाच्या वादामुळे वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ एकमेकांकडे पाहतात, ते कदाचित याच क्षणी.

रडणाऱ्या लेकराकडे डोळे वटारू नयेत. वाजणाऱ्या मोबाईलला ती सवलत नाही. घोषणा शेवटच्या आशीर्वादापूर्वी, थोडक्यात द्याव्यात.

घरात नुकतेच दुःख झालेले कोणी मिस्सेनंतर बाकावर बसून राहिले असेल, तर त्याला उठवू नये. ओळखीच्या एकाने बाहेर थांबावे आणि त्याच्यापुरता चहा राखून ठेवावा.