अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची पाठ रोज बघा

पेशंटला स्पंज करताना माकडहाड, खुबे आणि टाचा उजेडात नीट पाहा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर जागा फिकी न पडता लालच राहिली, तर बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहून एकाच जागी दाब आल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा आणि लगेच सिस्टरना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे गरम, टणक किंवा दुखरं लागतंय का ते चाचपा.

त्या जागेवर चोळायचं मात्र नाही. तेल, स्पिरिट, पावडर, सगळं बाजूला ठेवा. मालिशने आतलं मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडांनी रक्तपुरवठा दबतो.

साधारण दर 2 तासांनी कूस बदला, पाठीशी उशी देऊन 30 अंश कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घातली की टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं टाळणारे नातेवाईक बरेच दिसतात. गादी मदत करते, एवढंच. ओला डायपर तात्काळ बदला.

कातडी फाटली, काळी पडली किंवा वास आला तर घरगुती लेप नको. ड्रेसिंग डॉक्टरच ठरवतील, मेलेलं मांस काढावंही लागतं. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडं, डाळ, दूध किती द्यायचं ते विचारून घ्या, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर.