नदीवर वाहत जाऊन मासेमारी: सोबती कसे शोधावेत आणि कोणाला होडीत घेऊ नये

‘आपल्यासारखीच आवड असलेली माणसं शोधा’ हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला, तो बहुधा काठावरूनच गळ टाकत असावा. काठावर आवड जुळली की भागतं. तुम्ही एका दगडावर, तो पन्नास पावलांवर दुसऱ्या दगडावर. कंटाळा आला की जो तो आपल्या वाटेनं घरी. राफ्टमध्ये बसलं की हे संपलं. चार मीटरच्या रबरी होडीत सामान, सुऱ्या, गळ आणि तुम्ही. एकदा पाण्यात ढकलली की पुढचा रस्ता नदीला जिथं भेटेल तिथंच उतरायचं. प्रवाहाविरुद्ध वल्हवत कोणी परत येत नाही. आणि दोघांनाही माशांचंच वेड असेल, तर वल्ही कोण मारणार?

म्हणून आवड सोडा, आधी सहल ठरवा. कोणती नदी, कुठून कुठपर्यंत, किती दिवस, पाणी किती अवघड, हे कागदावर आल्याशिवाय एकालाही फोन करू नका. ‘कधीतरी नदीवर जाऊ’ म्हटलं की दहा जण हो म्हणतात. तारीख सांगितली की दोन उरतात, आणि तेच कामाचे.

किती जण

चार माणसं, दोन होड्या. एकाचा पाय मोडला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. एक होडी खडकावर अडकली तर दुसरी खालच्या बाजूला, वाहत येणाऱ्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन उभी राहते. दोघांचीच सहल अगदी ओळखीच्या, संथ पाण्यावर ठीक. तिघांत दोघांचं जमतं आणि तिसरा रुसतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता तिघं झाले तर चौथा मिळेपर्यंत निघतच नाही.

कुठे शोधावं

यात्रेत जसे हौसे, नवसे आणि गवसे येतात तसेच समाजमाध्यमांवरच्या हाकेलाही येतात. तिथं हाक द्यायला हरकत नाही, पण माझा अनुभव असा की चांगला सोबती दुसरंच काहीतरी करताना सापडतो. वाहत्या पाण्यातल्या बचावाचे जे अभ्यासवर्ग असतात, तिथं जा. स्वतःच्या खिशातले पैसे घालून थंड पाण्यात दोरी फेकायला शिकणारा माणूस कधी फुकट जात नाही. नदीस्वच्छतेच्या दिवशी जा आणि फोटो संपल्यावरही पोती उचलणारे कोण ते बघून ठेवा. मासेमारीच्या क्लबात जाल तेव्हा सर्वांत मोठा मासा धरणाऱ्याच्या मागे लागू नका. त्याच्या होडीची वल्ही कोण मारतं ते विचारा.

निरोप काय लिहावा

छोटा आणि रुक्ष. मी साधारण असा लिहितो: ‘तीन दिवस, 36 किलोमीटर, दोन राफ्ट, दोन जागा रिकाम्या. पाणी दुसऱ्या दर्जापर्यंत. वल्ही सगळ्यांनी आळीपाळीनं मारायची. लाइफ जॅकेट पाण्यावर असेपर्यंत अंगावर. मासे मोजून ठेवू, बाकी सोडू. खर्च समान. आधी एक दिवसाची चाचणी सहल होईल.’ नदीच्या अवघडपणाचे 1 ते 6 हे दर्जे जगभर चालतात. 1 म्हणजे लहान लाटांचं सोपं वाहतं पाणी, 6 म्हणजे जवळजवळ अशक्य. तुमच्या निरोपातला दर्जा वाचून ज्याला काहीच बोध झाला नाही तो शिकाऊ आहे. शिकाऊ माणूस चालतो, फक्त ते आधी कळलेलं बरं. सुंदर निसर्ग, मोकळी हवा असलं काही लिहू नका. त्यानं फिरायला येणारे जमतात.

फोन आणि चाचणीचा दिवस

माझे हात पोळले ते इथंच.

एका सहलीत एक गृहस्थ बरोबर होते. फेक इतकी अचूक की बुडालेल्या ओंडक्याच्या बाजूला वीतभर जागा असली तरी गळ तिथंच पडणार. सामान चोख, बोलणं गोड. त्या दिवशी आम्हाला अठरा किलोमीटर जायचं होतं. पहिल्या चांगल्या डोहावर दहाला थांबलो, दीड वाजला तरी तिथंच. ‘अजून पाच मिनिटं.’ पुढच्या वळणावर पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत सात किलोमीटर झाले होते आणि दोन्ही बाजूंना उभे कडे, उतरायला जागा नाही. अंधारात, पुढच्या रॅपिडचा, म्हणजे खडकांतून खळाळत उतरणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत, गोट्यांच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर कशीबशी होडी लावली. रात्री पाणी वीतभर चढलं, तेव्हा तंबू गुंडाळून उभ्यानंच उजाडायची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी राहिलेलं अंतर भरून काढायला सबंध दिवस मी वल्ही मारली आणि ते पुढे बसून गळ टाकत होते.

दोष त्यांना देऊन मी पुष्कळ दिवस काढले. खरं तर दिवसाला किती जायचं आणि कुठं थांबायचं हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. मला वाहत जायचं होतं, त्यांना थांबायचं होतं, आणि दोघंही त्याला मासेमारीची सहल म्हणत होतो. अशा सहलींत भांडण माशावरून किंवा पैशावरून क्वचित होतं. होतं ते वेगावरून. ताशी चार किलोमीटरच्या प्रवाहात नुसतं बसून राहिलात तरी सहा तासांत चोवीस किलोमीटर जाता. मन लावून गळ टाकत गेलात तर त्याच्या निम्मे झाले तरी खूप. त्यात मध्ये धरणाचा फुगवटा लागला की प्रवाह मरतो, आणि समोरून वारा असेल तर होडी मागेच येते.

म्हणून आता फोनवर थेट विचारतो: दिवसातले किती तास मासेमारी हवी? उत्तर आकड्यात पाहिजे. ‘जसं जमेल तसं’ म्हणणाऱ्याला मी पुन्हा विचारतो, आणि दुसऱ्यांदाही तेच आलं की फोन ठेवतो. मग विचारतो, मागच्या सहलीत काय बिघडलं होतं? काहीच बिघडलं नाही म्हणणारा एक तर गेलेला नसतो किंवा त्याचं लक्ष नसतं. सगळं दुसऱ्यांमुळे बिघडलं म्हणणाऱ्याच्या पुढच्या गोष्टीत तो दुसरा तुम्हीच असाल.

‘पोहता येतं का’ हा प्रश्न मी सोडून दिला, कारण सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी वाहत्या पाण्यात पडलात तर काय कराल, असं विचारा. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, आणि पाणी अगदी उथळ होईपर्यंत उभं राहायचा प्रयत्न नाही, हे उत्तर हवं. उभं राहायला गेलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी माणसाला पुढे आडवा पाडतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, तिथं तलावातल्या पोहण्याचा उपयोग नाही. थंड पाण्यात तर पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही. म्हणून लाइफ जॅकेटबद्दल वाद घालणाऱ्याला मी दुसरी संधी देत नाही. जॅकेट बसायच्या गादीखाली ठेवणारे शूरवीर मला भेटलेत. त्यांचे मासेही गोष्टीतच मोठे असतात.

फोनवर पास झाला म्हणून तीन दिवसांना घेऊन जाऊ नका. आधी एक दिवस, सोपं पाणी, आठ-दहा किलोमीटर. हा दिवस टाळायला लोक शंभर कारणं सांगतात: वेळ नाही, खर्च वाढतो, ‘माणूस बघितला की कळतं’. नाही कळत. चहाच्या टेबलावर सगळीच माणसं चांगली असतात.

चाचणीच्या दिवशी माझी एकच खरी परीक्षा असते. मासे लागायला लागले, म्हणजे खरोखर लागायला लागले, की मी म्हणतो, ‘निघू या.’ लगेच तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळणारे फार थोडे. ‘शेवटची एक फेक’ म्हणून खरंच एकच फेक करणारा उत्तम. मीही तेच करतो. कारण विचारणाराही चालतो, कारण पटलं की तो उठतो. ऐकलंच नाही असं दाखवणारा मात्र कितीही सज्जन असो, तो माणूस काठावरचा. त्याच्याशी मैत्री ठेवा, काठावर बरोबर जा.

मग उलटं करतो. तासभर मी गळ टाकतो आणि वल्ही त्याच्या हातात देतो. वल्ही मारणं म्हणजे होडी पळवणं नव्हे. होडीचं नाक थोडं काठाकडे वळवून, मागे ओढणारे हलके हात मारत, प्रवाहापेक्षा सावकाश जायचं, म्हणजे पुढच्याला प्रत्येक खडकामागे गळ टाकायला वेळ मिळतो. हे नीट जमणं दुर्मीळ आहे. प्रयत्न करणारा पुरे. दर दोन मिनिटांनी ‘आता माझी पाळी’ म्हणणारा नको.

बाकी बारीकसारीक सहज दिसतं. फेकण्याआधी मागे बघतो का? होडीत न बघता मागे गेलेला गळ कुणाच्या तरी कानात रुततो. त्यासाठी टोकाजवळचा उलटा काटा दाबलेले गळ आणि डोळ्यांवर चष्मा हे माझ्या होडीत सक्तीचं आहे. आडवं पडलेलं झाड दिसल्यावर तो बोलतो की गप्प बसतो? आणि शेवटी ओली, चिखलानं भरलेली राफ्ट धुऊन, वाळवून घडी घालायची वेळ येते तेव्हा त्याला अचानक महत्त्वाचा फोन येतो का?

नको असलेल्याला दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगा: आपला वेग जुळत नाही. निरोपांना उत्तरच न देण्याची पद्धत भिकार आहे.

निघण्याआधी

वल्ह्यांच्या पाळीसारखीच घड्याळाचीही पाळी लावा. दर दिवशी एका माणसाकडे घड्याळ. तो ‘निघू’ म्हणाला की निघायचं, वाद संध्याकाळी. वर सांगितलेले गृहस्थ दोन वर्षांनी या अटीवर पुन्हा आले. त्यांच्या पाळीच्या दिवशी आम्ही मुक्कामाला चारलाच पोचलो, कारण तिथला डोह त्यांना उजेडात हवा होता.

होडीला इजा झाली तर पैसे कोणाचे, हे आधीच बोला. परवाने ज्याचे त्याने काढायचे. विणीच्या काळात कुठे बंदी असते, किती मासे ठेवता येतात, हे एकानं वाचून सगळ्यांना सांगायचं. एक गाडी उतरायच्या ठिकाणी आदल्या दिवशी लावून ठेवा, आणि तिची किल्ली चढायच्या ठिकाणच्या गाडीत विसरू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, मी विसरलोय. दमा, फिट, मधमाशीची ॲलर्जी असं कोणाला काही असेल तर ते सगळ्यांना माहीत हवं, आणि औषधांचे दोन संच दोन वेगळ्या होड्यांत. बंधारे नकाशावर आधीच खुणा करून ठेवा. त्यांच्याखाली पाणी उलटं फिरतं आणि पडलेल्याला सोडत नाही, तिथं होडी उचलून काठानंच पुढे न्यायची. मार्ग, मुक्काम, सगळ्यांची नावं आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवा’ ही वेळ लिहिलेला कागद प्रत्येकाच्या घरी एकेक द्या. सगळ्या प्रती एकाच घरी नकोत.