‘कन्व्हे’ कुठे आणि कसा वापरायचा

मी भाषांतराचं काम करते आणि लोकांची इंग्रजी पत्रंही तपासून देते. त्या पत्रांत मला सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावा लागणारा शब्द म्हणजे ‘कन्व्हे’. शब्द चांगला आहे, उपयोगाचा आहे. पण आपण तो ‘कळवणे’ समजून वापरतो आणि वाक्य तिथेच बिघडतं. ‘कन्व्हे’ म्हणजे पोचवणे. एवढं पक्कं धरलं की त्याचं व्याकरण बरंचसं आपोआप जमतं.

‘त्याला कळव’ म्हणताना आपण माणसाला ‘ला’ लावतो. ‘त्याच्यापर्यंत पोचव’ म्हणताना ‘पर्यंत’ येतं. इंग्रजीतले ‘इन्फॉर्म’ आणि ‘टेल’ कळवण्याच्या जातीचे, म्हणून ‘इन्फॉर्म हिम’, ‘टेल हर’. ‘कन्व्हे’ पोचवण्याच्या जातीचा. त्याचं कर्म म्हणजे निरोप, आणि माणसाच्या आधी ‘टु’ हवाच. ‘कन्व्हे माय रिगार्ड्स टु युअर फादर’ बरोबर, ‘कन्व्हे युअर फादर माय रिगार्ड्स’ चूक. निरोप ‘दॅट’ने सुरू होणारा, लांबलचक असेल तर तो शेवटी जातो, पण ‘टु’ जागचा हलत नाही: ‘प्लीज कन्व्हे टु हिम दॅट द मीटिंग इज ऑन मंडे’.

‘टु’ गाळला की अर्थच फिरतो. ‘कन्व्हे हिम’ म्हणजे त्या माणसालाच नेऊन पोचवा. म्हणून ‘आय वॉज कन्व्हेड’ एवढं वाचल्यावर इंग्रज वाचकाला वाटतं, याला कुणीतरी कुठेतरी नेलं. ‘ही वॉज कन्व्हेड टु द हॉस्पिटल’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे, कारण तिथे खरोखरच माणूस नेला आहे. निर्णय कळल्याचं सांगायचं असेल तर ‘द डिसिजन वॉज कन्व्हेड टु मी’ लिहा, किंवा सरळ ‘आय वॉज टोल्ड’. मी बहुतेक वेळा दुसरं सुचवते. ‘कन्व्हे अबाउट’ मात्र कधीच लिहू नका. पोचवायला काहीतरी हातात लागतं. नुसतं ‘रजेविषयी’ पोचवता येत नाही, रजेची बातमी पोचवता येते.

एक वाक्य घेऊन बघू. ‘आय वुड लाइक टु कन्व्हे यू दॅट द इंटरव्ह्यू हॅज बीन पोस्टपोन्ड.’ अशी वाक्यं रोज येतात. ‘यू’च्या आधी ‘टु’ घातला की व्याकरण सुधारतं, पण वाक्य अवघडलेलंच राहतं. लिहिणारा स्वतःच समोरच्याला सांगतोय, मधे कुणी निरोप्या नाही, मग पोचवण्याची भाषा कशाला? ‘द इंटरव्ह्यू हॅज बीन पोस्टपोन्ड’ एवढंच पुरे. याउलट आभार, शुभेच्छा, सांत्वन यांच्याबरोबर ‘कन्व्हे’ शोभतो. तिथे त्याचा औपचारिकपणा आदरासारखा वाटतो.

या शब्दाच्या पोटात रस्ता आहे. लॅटिनमधल्या ‘विआ’ म्हणजे वाट या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि आरंभी त्याचा अर्थ होता वाटेत सोबत करणे, संरक्षण देत नेणे. लष्करी गाड्यांचा ‘कॉन्व्हॉय’ हा त्याचा सख्खा भाऊ.

मला त्याचा सगळ्यात आवडता उपयोग भावनेचा. आवाज, चेहरा, चित्र, कवितेची ओळ, यांपैकी काहीही ‘कन्व्हे’ करू शकतं, आणि तसा हेतू असायलाच हवा असं नाही. ‘हर सायलेन्स कन्व्हेड मोअर दॅन हर वर्ड्स.’ इथे ‘एक्स्प्रेस’ घातला तर तिने मुद्दाम व्यक्त केल्यासारखं होतं. ‘कन्व्हे’मध्ये ते आपल्यापर्यंत पोचलं, एवढंच असतं. मराठीत अशा वेळी मी ‘व्यक्त झालं’पेक्षा ‘जाणवलं’ लिहिते.

सामानाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. पाइपातून पाणी, पट्ट्यावरून कोळसा, असं तांत्रिक लिखाणात ‘कन्व्हे’ चालतो. कन्व्हेअर बेल्ट त्यातूनच आला. पण पिशवी ‘कॅरी’ करतात, ट्रकने माल ‘ट्रान्सपोर्ट’ होतो, संदेशलहरी आणि रोग ‘ट्रान्समिट’ होतात. ‘ट्रान्सफर’मध्ये जागा, ताबा किंवा अधिकार बदलतो, वस्तू हललीच पाहिजे असं नाही. खात्यातले पैसे ‘ट्रान्सफर’ होतात तेव्हा नोटा कुठेच जात नाहीत.

‘कन्व्हेअन्स’ या नामाचे दोन अर्थ नीट वेगळे ठेवा. एक वाहन किंवा ने-आण. ‘कन्व्हेअन्स अलाउन्स’ म्हणजे प्रवासभत्ता, तो इथला. गाडीला मात्र बोलताना कुणी ‘कन्व्हेअन्स’ म्हणत नाही, तो नियमावलीतला शब्द. दुसरा अर्थ कायद्यातला: मालमत्तेचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे देणं आणि त्याचा दस्त. जमीन जागेवरच असते, मालकी पोचते. विक्रीचा करार हे पुढे विकण्याचं वचन असतं, कन्व्हेअन्स म्हणजे प्रत्यक्ष हस्तांतर. भाषांतरात या दोन्हींना ‘विक्रीपत्र’ लिहून मोकळं होऊ नका, वाचणाऱ्याचं मोठं नुकसान होऊ शकतं.

‘कन्व्हे’च्या उच्चारात जोर नेहमी शब्दाच्या दुसऱ्या भागावर, ‘व्हे’वर. ‘ट्रान्सपोर्ट’ आणि ‘ट्रान्सफर’चं तसं नाही: नाम असताना जोर ‘ट्रान्स’वर, क्रियापद असताना शेवटी. स्पेलिंगमध्ये ‘कन्व्हेड’ लिहिताना वाय तसाच ठेवायचा, त्याचा आय होत नाही, कारण त्याच्या आधी स्वर आहे. ‘ट्रान्सफर्ड’मध्ये मात्र आर दोनदा येतो.