उडत्या जहाजाचा खेळ चालवताना : नव्या डंजन मास्टरसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत मिळून गोष्ट रंगवण्याचा खेळ. तो चालवणारा, म्हणजे डंजन मास्टर, नवखा असला तर त्याला एक शंका हमखास असते : खेळाडूंच्या हाती उडते जहाज दिले, तर जंगल, घाट, पहारे हे सारे ते वरच्या वर ओलांडून जातील आणि आपण रचलेली वाट फुकट जाईल. शंका रास्त आहे. मात्र बरीच वर्षे असे खेळ चालवल्यावर माझे मत असे झाले आहे, की जहाज किती वेगाने जाते यापेक्षा ते कशावर चालते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे ज्याने आधी समजून घेतले, त्याचा खेळ जहाजामुळे उलट रंगतो.

सर्वांत परिपूर्ण नियम या खेळातल्या स्पेलजॅमर नावाच्या अंतराळविश्वात सापडतात. जेफ ग्रब यांनी रचलेले हे विश्व टीएसआर कंपनीने 1989 मध्ये आणले आणि 2022 मध्ये ते खेळाच्या पाचव्या आवृत्तीत परतले. यातील जहाजाला शिडे असली, तरी अंतराळात त्याला चालवते ते हेल्म, म्हणजे एक मंतरलेली खुर्ची. तिच्यावर मंत्रविद्या येणाऱ्यानेच बसायचे असते. जुन्या नियमांत खुर्चीवर बसताच त्या दिवसाचे उरलेले सगळे मंत्र खर्ची पडत. त्यामुळे चाच्यांनी गाठले, की गटातला सर्वांत ताकदवान जादूगार नेमका हात बांधल्यासारखा बसलेला असे. 2022 च्या नियमांत मंत्र जात नाहीत. पण बसलेल्याला एखाद्या मंत्रावर धरावी लागते तशी एकाग्रता खुर्चीवर धरावी लागते. याचा अर्थ असा, की त्याला बाण लागला तर त्याने काटकतेचा फासा टाकायचा, आणि 10 किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांपैकी जो आकडा मोठा असेल तो गाठता आला नाही, तर जहाजावरचा त्याचा ताबा सुटतो. माझ्या टेबलावर या एका फाशाच्या वेळी जी शांतता पसरते, ती ड्रॅगन समोर आल्यावरही पसरत नाही. मला जुना नियम अधिक आवडतो, पण नवख्यांना तो जाचक वाटतो. तुम्ही नव्या नियमानेच सुरुवात करावी.

वेगाचे म्हणाल, तर मोकळ्या अंतराळात हे जहाज चोवीस तासांत 10 कोटी मैल जाते, म्हणजे पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचे अंतर एका दिवसात. एवढ्या वेगात गाठभेट कशी घडवायची? त्याची सोय नियमातच आहे : दुसरे जहाज किंवा तेवढी मोठी वस्तू जवळ आली, की हा वेग आपोआप संपतो आणि जहाज साध्या चालीवर येते.

हवा आणि गुरुत्व हे दोन विषय मात्र पहिल्याच बैठकीत समजावून सांगावेत, कारण खेळाडूंच्या उत्तम कल्पना तिथूनच निघतात. प्रत्येक जहाज आपल्याभोवती हवेचे वेष्टन घेऊन फिरते. ठरलेल्या संख्येइतकीच माणसे असतील, तर ती हवा 120 दिवस ताजी राहते, पुढचे 120 दिवस दूषित असते आणि त्यानंतर जीव गुदमरू लागतो. गर्दी वाढली की मुदत घटते, म्हणून बुडत्या जहाजावरचे लोक वाचवायचे की नाही, हा प्रश्न इथे दयेइतकाच हिशेबाचाही होतो. गुरुत्व जहाजाला आडवे छेदणाऱ्या एका अदृश्य पातळीकडे दोन्ही बाजूंनी ओढते. त्यामुळे तळाच्या बाहेरच्या अंगावर उलटे उभे राहून चालता येते, आणि कठड्यावरून ढकललेला माणूस त्या पातळीच्या आरपार खाली जाऊन पुन्हा वर येतो, असा झोके घेत राहतो. हे तोंडी सांगून पटत नाही. कागदावर जहाजाची बाजू काढून मधून एक आडवी रेघ मारावी.

सगळ्याच उडत्या जहाजांना खुर्ची लागते असे नाही. कीथ बेकर यांनी रचलेल्या एबेरॉन या दुसऱ्या विश्वात जहाजाभोवती धगधगणाऱ्या वलयात अग्नितत्त्वाचा जीव बांधलेला असतो आणि ती जहाजे चालवण्याची मक्तेदारी वादळाची जादूई खूण अंगावर असलेल्या लिरँडार घराण्याकडे असते. इथे मंत्र संपण्याची धास्ती नाही. धास्ती आहे ती बांधलेला जीव सुटण्याची, आणि भाडे ठरवणाऱ्या घराण्याची. राजकारण आवडणाऱ्या गटाला मी हेच विश्व सुचवतो. केवळ प्रवासाचे साधन हवे असेल, तर 2014 च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकातले साधे हवाई जहाज पुरते : किंमत 20,000 सुवर्णमुद्रा, वेग ताशी 8 मैल, 10 खलाशी आणि 20 प्रवासी.

राहिला प्रश्न मंत्र न येणाऱ्या खेळाडूंचा, कारण लढाईत जहाज हाकणारा एकटाच रंगला तर बाकीचे मोबाइल काढतात. त्यांना बॅलिस्टावर, म्हणजे डेकवरच्या अवजड धनुष्ययंत्रावर, बसवावे. ते भरायला एक कृती, म्हणजे एका खेळाडूची एका फेरीतली पाळी, नेम धरायला एक आणि सोडायला एक लागते; तिघांनी कामे वाटून घेतली तर दर फेरीला एक बाण सुटतो. तिघांचा क्रम जुळवण्यासाठी पुढाकाराचे, म्हणजे लढाईत कोणाची पाळी आधी हे ठरवणारे, फासे पडल्यावर त्यांना आपसांत बोलायला थोडा वेळ द्यावा.