कामगाराने अडचण सांगावी, यासाठी सुपरवायझरने काय करावे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला टॉवेलचा कारखाना असो, गणवेश शिवणारे युनिट असो की शहरातली एखादी पतसंस्था, कामावरचा माणूस घरातले आजारपण, कर्ज किंवा उडालेली झोप वरिष्ठांपासून लपवतो, तेव्हा त्यामागे लाजेपेक्षा हिशेब अधिक असतो, असे माझे मत आहे. ‘याचे कामात लक्ष नाही’ असा शिक्का बसला की चांगला यंत्रमाग दुसऱ्याकडे जातो, जादा पाळी मिळत नाही आणि सणाआधीची उचल अडते, हे त्याने इतरांच्या बाबतीत पाहिलेले असते. नगावर मजुरी मिळणाऱ्याला तर एक दिवसाची रजाही परवडत नाही. त्यामुळे ‘मोकळेपणाने बोला’ असे सांगण्याआधी बोलल्यामुळे होणारे नुकसान थांबवावे लागते.

त्यासाठी मालकाने सर्वांसमोर स्पष्ट करावे की अडचण सांगितली म्हणून कोणाचेही काम, पाळी किंवा उचल बदलणार नाही. अपवाद सुरक्षिततेचा आहे. झोप न झालेल्या किंवा गुंगी आणणारे औषध घेणाऱ्या माणसाला यंत्रापासून दूर ठेवावेच, पण ते त्याच्याशी बोलून आणि त्याची मजुरी न कापता.

दुसरी भीती बोभाट्याची असते आणि सोलापुरात ती अधिक खरी आहे. पूर्व भागात कारखान्यातला सहकारी बऱ्याचदा गल्लीतला शेजारी किंवा नातेवाईकही असतो, त्यामुळे दुपारी मागाशेजारी बोललेले संध्याकाळी घरी पोहोचते आणि पुढे मुलांच्या सोयरिकीपर्यंत जाते. म्हणून ऐकण्यासाठी एक विश्वासू व्यक्ती नेमावी, शक्यतो मजुरी आणि हजेरी ठरवणारी नसावी, आणि भेट सगळ्यांना दिसणाऱ्या केबिनमध्ये होऊ नये. तेलुगू किंवा कन्नड ही ज्याची घरची भाषा आहे, त्याच्याशी त्याच भाषेत बोलणारे कोणी मिळाले तर फार मोठा फरक पडतो. महिला कामगारांसाठी ही व्यक्ती महिलाच असावी. मात्र तक्रार लैंगिक छळाची असेल, तर ती 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे, आणि दहापेक्षा कमी कामगार असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेली पाहिजे, परस्पर समजुतीने मिटवू नये.

‘काही टेन्शन आहे का?’ या प्रश्नाला ‘काही नाही, साहेब’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेले सांगावे: ‘या आठवड्यात दोनदा उशीर झाला, आज डबाही उघडला नाहीत. घरी सगळे ठीक आहे ना?’ नंतर गप्प बसावे. उपदेश करू नये आणि दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना तर मुळीच करू नये.

ऐकल्यानंतर देता येईल तेवढीच मदत कबूल करावी. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक हजेरीच्या जागी लावावा. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, कार्ड असेल, तर उपचारासाठी त्या मार्गाची माहिती द्यावी. जगण्यात अर्थ नाही, अशी भाषा आली तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला बोलावावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

रजेच्या नोंदीत ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहावे, आणि आठवड्याभराने, कोणी आसपास नसताना, पुन्हा एकदा विचारपूस करावी.