बॅटरीतला पाचवा सेल

लातूरच्या घरी पत्र्याचं शेड आणि स्वयंपाकघरातल्या फळ्या स्वतःच बसवायच्या ठरवल्या. त्यासाठी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, कॉर्डलेस सेट घेतला: १८ व्होल्टचा ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (स्क्रू आवळायचं मशीन), दोन बॅटऱ्या. मशीन ठणठणीत, बिट धरणाऱ्या चकमध्ये जराही खेळ नाही. एक बॅटरी मात्र चार स्क्रू आवळले की बंद.

दुकानदार म्हणाला, "वॉरंटी मशीनची आहे, बॅटरीची नाही." फार वाईट वाटलं. अशा सेटमध्ये खरा जीव बॅटरीतच असतो, आणि ते घेतानाच विचारायला हवं होतं.

व्होल्टेज मोजायला मल्टीमीटर लावला. १८ व्होल्टची म्हणतात तरी फुल चार्जला २१ व्होल्टच्या आसपास हवं, दाखवलं १९.३. आत पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले. चार सेल ४.१ वर, पाचवा २.९ वर! तो खाली बसला की आतलं सर्किट सगळी बॅटरीच तोडायचं.

बॅटरी दुरुस्त करणाऱ्याकडून पाचही सेल एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे नवे टाकून घेतले, तेही स्पॉट वेल्डिंगनं, म्हणजे क्षणभराच्या करंटनं पट्ट्या सेलला जोडून. एकच बदलला असता तर जुन्या-नव्याचा मेळ बसला नसता. घरी सोल्डरिंग करू नका. सेल तापून खराब होतो, शॉर्ट झाला तर पेटतोही.

आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून बॅटरी पत्र्याखाली ठेवत नाही. काम झालं की अर्धा तास घरात सावलीला गार होऊ देतो, मगच चार्जरला लावतो. काल आईची डब्यांची फळी त्याच बॅटरीवर बसली.